दहा बाय नऊची खोली

‘नर्सरी’ म्हटले की आमच्याकडे दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे झाडांची रोपे मिळतात ती जागा आणि दुसरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. बाळासाठी राखून ठेवलेली, भिंतींवर ढग आणि ससे रंगवलेली स्वतंत्र खोली हा तिसरा अर्थ मला बराच उशिरा कळला. पुण्याच्या चुलत बहिणीने घरसजावटीचे एक मासिक दिले होते. लहानशा नर्सरीत जागा कशी वाचवावी, असा त्यात लेख होता. भिंतींना फिका रंग द्या, पाळण्याखाली खण करून घ्या, कपडे बदलण्याचे टेबल घडीचे घ्या, समोर आरसा लावा म्हणजे खोली मोठी भासते. लेख वाईट नव्हता. फक्त ती खोली बाळाचीच आहे, एवढे त्यात गृहीत धरलेले होते.

आपल्या घरांत प्रश्न तिथूनच सुरू होतो. खोली धान्याच्या पिंपांची असते, शिलाई मशीनची असते, नमाज पढणाऱ्या सासूबाईंची असते, रात्री अंथरूण टाकणाऱ्या पुतण्यांची असते. त्यात बाळ येते. मग जागा वाचवणे म्हणजे प्रत्येकाकडून थोडी थोडी मागून घेणे. मी अशी जागा मागून घेतली. ती मिळाली नसती तर आज मी शाळेत शिकवत नसते, म्हणून हा हिशेब लिहावासा वाटला.

माझे माहेर साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउताराच्या पेठा आहेत, त्यांतल्या एका बोळात आमचे जुने घर. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मधल्या तुळईला एक लोखंडी कडी. अब्बांना, दोन्ही फुफींना आणि पुढे आम्हा चार भावंडांना त्याच कडीला झुलवले. कडी एका बाजूने झिजली आहे. झोळीसाठी दादीचे जुने सुती लुगडे काढत. नवे कापड कधीच नाही, कारण जुने मऊ असते आणि धुऊन धुऊन जेवढे ताणायचे तेवढे ताणून झालेले असते. दोन्ही टोके दोरीने कडीला बांधायची, आत गोधडीची घडी घालायची आणि वरच्या बाजूला एक आडवी काठी, म्हणजे कापड मिटून बाळाच्या नाकावर येत नाही. बाळ उठले की झोळी गुंडाळून वर अडकवायची. खालची जमीन मोकळी. दुपारी त्याच जमिनीवर दस्तरखान, रात्री अब्बांचा बिछाना. तेलाची वाटी, घुटीची सहाण, काजळाची डबी हे सगळे भिंतीतल्या कोनाड्यांत. चौरस फुटांत मोजायला गेले तर आम्हा सात जणांच्या बाळपणाने त्या घराची जमीन अडवलीच नाही.

मासिकातली चित्रे दादीला दाखवली तेव्हा तिने चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाली, “पैले बच्चे का कमरा कां था गे? अम्मा की गोद, वोच कमरा.”

झोळीला गरिबीची खूण समजून नाक मुरडणारे लोक आपल्यात आहेत. हंगामात सातारा-सांगली एसटीने जाताना कराडच्या पुढे उसाच्या फडांजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतात. बीडकडून आलेली ही माणसे. उसाच्या पाचटाची, वाकून आत शिरावे लागते अशी कोपी, आणि तिच्या आड्याला किंवा बाहेर बैलगाडीला बांधलेली झोळी. आई पहाटे फडात जाते. झोळी हलवायला पाच-सहा वर्षांची बहीण. ती बहीण शाळेत नाही, हे शिक्षिका म्हणून मला आधी दिसते. झोळी नंतर दिसते. घरातली जागा वाचते तेव्हा तिची किंमत घरातलेच कोणीतरी मोजत असते.

माझी मुलगी एप्रिल २०१९ मध्ये साताऱ्यात झाली, दिवस भरायच्या सहा आठवडे आधी. वजन १ किलो ६५० ग्रॅम. साहजिकच तिची पहिली खोली आमच्या तुळईखालची नव्हती. एका रुग्णालयातली, काचेच्या दारामागची नवजात बाळांची उबदार खोली होती ती. आत जागा इतकी कमी की एकेका तापत्या दिव्याखाली दोन दोन बाळे निजवलेली. दर दोन तासांनी मला दूध पाजायला आत घेत आणि पुन्हा बाहेर काढत. बाहेरच्या बोळात बसायला एक बाकडे होते, तेही बहुतेक वेळा भरलेले. टाके ओले, पाय सुजलेले आणि मी भिंतीला टेकून उभी. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे रात्रंदिवस राबत होती. पण बाळासाठी जागा काढताना सगळ्यांत आधी आईलाच बाहेर काढतात, हे मी त्या बोळात उभी राहून पाहिले.

पाचव्या दिवशी रात्रपाळीच्या एका वयस्क सिस्टरने मला आत बोलावले, प्लास्टिकच्या खुर्चीत मागे टेकून बसवले आणि बाळाला फक्त टोपी आणि लंगोट ठेवून माझ्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे उभे निजवले. वरून ओढणीने बांधले. म्हणाली, “आता तूच हिची पेटी. तासभर हलू नकोस.” मी तीन तास हलले नाही.

नंतर वाचले तेव्हा कळले की ही रीत मुळात जागेच्या टंचाईतून आलेली आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात इन्क्युबेटर पुरत नव्हते. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. तेव्हा त्यांनी अशी बाळे आयांच्या छातीशी बांधून द्यायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला कांगारू पद्धत म्हणतात. गरीब देशांनी नाइलाजाने केलेला उपाय, असे बरीच वर्षे समजले जाई. मग २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांतल्या रुग्णालयांत तो झाला होता. भारतातले रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग. एक किलोपासून १ किलो ८०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबरच आईच्या छातीशी ठेवले, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. आधीची पद्धत, म्हणजे बाळाची तब्येत स्थिरावेपर्यंत आईला दूर ठेवणे, ही तुलनेला होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आपल्या शिफारशी त्याप्रमाणे बदलल्या.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती जागेची गोष्ट. हे करायचे तर त्या उबदार खोलीत आईची खाट घालावी लागते. सफदरजंगला तशी खोलीच केली, आई आणि बाळ एकाच ठिकाणी. आधीच अपुऱ्या असलेल्या खोलीत खाटा वाढवायच्या म्हणजे उलटेच वाटते. पण खाट आत गेली आणि बाळे जगली.

सव्वा महिना झाला, अकीका झाला आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी सांगलीला सासरी आले. आमचे घर शामरावनगरच्या बाजूला. पुढे बारा बाय दहाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये दहा बाय नऊची खोली. माणसे आठ. सासूबाई, थोरले दीर, जाऊ, त्यांची तीन मुले आणि आम्ही दोघे. बाळ नववे. माझे पती मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत वरच्या प्राथमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. १८० दिवसांची प्रसूती रजा ऑक्टोबरमध्ये संपणार होती.

आल्यानंतर चौथ्या दिवशी सासरचे एक वडीलधारे नातेवाईक बाळाला पाहायला आले. मधल्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि पुढच्या खोलीत येऊन माझ्या पतींना म्हणाले, “बच्ची नाजूक हाय, कमरा इत्ता सा. दुलन को साल-दो साल मायके में रैने दो. नौकरी का क्या, फिर देखेंगे.” बोलणे मायेचे होते. चहा पिऊन ते गेले, पण वाक्य घरात राहिले. दोन दिवसांनी सासूबाई तेच म्हणाल्या, चार दिवसांनी दीर. खोली लहान आहे म्हणून माझी नोकरी सुटणार, असे कोणीही ठरवलेले नव्हते आणि तरी ते ठरत चालले होते.

बी.एड.ला असताना वर्गव्यवस्थापनात आम्हाला वर्गाचा आराखडा काढायला लावत. फळा कुठे, खिडकी कुठे, शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय दिसते. मी सातवीच्या वहीतला आलेख कागद काढला. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. बाळ निजले असताना टेप घेऊन खोली मोजली. खोली ९० चौरस फूट. लोखंडी कॉटने २६ घेतलेले, कपाटाने साडेचार, धान्याच्या दोन पिंपांनी साडेचार, एकावर एक रचलेल्या ट्रंकांनी ६, आणि शिलाई मशीन व तिच्या स्टुलाने साडेसात. उरले साडेएक्केचाळीस. पण खोलीत उभे राहिले तर एवढी जागा कुठे जाणवत नव्हती. पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले, दार. अडीच फुटांचे दार आत उघडत होते. ते फिरते त्या पाव वर्तुळात काहीच ठेवता येत नाही. क्षेत्रफळ काढले, जवळजवळ ५ चौरस फूट. म्हणजे घरातली सर्वांत मोठी अडगळ ही एक मोकळी जागा होती, आणि ती भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीसमोर, नेमक्या चांगल्या ठिकाणी.

सुताराने दीड तासात बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडते केले. गणिताच्या शिक्षिकेला एवढा आनंद कधीतरीच होतो.

पिंपे स्वयंपाकघरात गेली. ट्रंका कॉटखाली गेल्या, त्यासाठी कॉटच्या पायांखाली विटा दिल्या. हे सगळे सोपे होते. अवघड होती शिलाई मशीन. ती माझ्या जावेची. ब्लाउज आणि परकर शिवून ती महिन्याला जे मिळवते त्यावर तिच्या मुलांची फी भागते. मला नोकरी टिकवायची म्हणून तिची कमाई उचलून कुठे ठेवायची? मी तिला कागद दाखवला आणि गप्प बसले. तिने बराच वेळ पाहिले. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण कापड बेतणारीला नकाशा समजावून द्यावा लागत नाही. म्हणाली, “मशीन बाहेर खिडकी के नीचे रखती मैं. गिराईक वैसे भी अंदर आने को शरमाते.” मग पेन घेऊन तिने मोकळ्या झालेल्या जागेत एक चौकोन काढला. “और यां तेरी कुर्सी. बच्ची की नै, तेरी.”

माझ्या सगळ्या हिशेबात माझी खुर्ची नव्हती. मी बाळाची झोपायची जागा, कपड्यांची, औषधांची, न्हाऊ घालायच्या घमेल्याची जागा आखली होती. दूध पाजायला पाठ टेकून कुठे बसायचे, वह्या कुठे तपासायच्या, हे तिने काढले. तीन बाळंतपणे कॉटच्या काठावर पाठ न टेकता काढलेली बाई होती ती.

सासूबाईंच्या नमाजची जागा कोणी हलवली नाही, कारण ती हलवावी लागतच नाही. जानमाजाइतकी समंजस वस्तू घरात दुसरी नाही. पाच वेळा पसरते, पाच वेळा घडी होते, मध्ये कोणाच्याही पायात येत नाही.

बाळ झोपणार कशात, हा प्रश्न होताच. सासूबाईंचा झोळीचा आग्रह होता आणि मला तर झोळीचेच प्रेम. पण साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावले होते की दिवस न भरलेल्या बाळाला मान सावरेपर्यंत झोळी नको. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्या लहान जिवाचा श्वास कोंडू शकतो. बाळ सपाट, कडक अंथरुणावर, पाठीवर हवे. उशी नको, जाड मऊ दुलई नको. मोठ्या माणसांच्या मध्ये तर नकोच. पाळणा घ्यायचा तर तीन बाय दोनची जागा आणि चांगले पैसे. माझ्या पतींनी यार्डातून बेदाण्याचा एक नवा कोरा प्लास्टिकचा क्रेट आणला. तासगावकडची द्राक्षे आणि बेदाणा अशाच क्रेटमधून फिरतो. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, चारी बाजूंना हवेला जाळी. गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, तळाला मापाची घट्ट गादी शिवली ती जावेने. सासूबाईंना ते अजिबात पसंत नव्हते. पोती को बेदाने के डब्बे में सुलाते क्या, म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. फिनलंडमध्ये सरकार १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी देते, आणि त्या पुठ्ठ्याच्या पेटीत गादी घालून कितीतरी पिढ्यांची बाळे झोपली, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, “वां खटिया नै मिलती क्या?” याला उत्तर नव्हते.

क्रेटने खोलीतली अडीच चौरस फूट जागा घेतली. कॉटशेजारी, माझा हात पोचेल एवढ्या अंतरावर.

ही मांडणी दहा-बारा दिवस टिकली.

कृष्णा साताऱ्यात महाबळेश्वरला उगवते. कोयनाही तिकडचीच, कराडला ती कृष्णेला मिळते. माझ्या माहेरचा पाऊस असा सासरी येतो. सांगलीत १९२९ चा आयर्विन पूल आहे, त्याच्यावरच्या फुटांकडे पावसाळ्यात सगळ्या शहराचे लक्ष असते. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते, तेव्हाच्या खुणा आमच्या गल्लीत भिंतींवर होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. आम्ही त्याआधीच, गटारांतून पाणी उलटे येऊ लागले तेव्हा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघालो. सासूबाईंनी कुराण शरीफ घेतले, जावेने मशीनचे वरचे डोके सोडवून चादरीत बांधले, पतींनी कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवली. मी बाळाला क्रेटमध्ये ठेवून क्रेट मांडीवर घेतला. वरून प्लास्टिक. पाऊस इतका की ट्रॉलीतली माणसे एकमेकांना दिसत नव्हती. सासूबाई माझ्या शेजारी बसून सारा वेळ क्रेटची कड धरून होत्या.

विश्रामबागेकडच्या एका शाळेत आम्हाला वर्ग मिळाला. एका वर्गात नऊ कुटुंबे आणि दोन वर्षांच्या आतली पाच मुले. सगळ्या जातींची, धर्मांची माणसे. पहिल्या रात्री आया भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पदर घेऊन दूध पाजत होत्या. पुरुष उठून बाहेर जात आणि पावसामुळे परत येत. सकाळी मी बाके मोजली. शिक्षिकेला वर्गात गेल्यावर दुसरे काय दिसणार? सहा बाके उभी करून, पाठीला पाठ लावून खिडकीच्या कोपऱ्यात आडोसा केला आणि त्यावर दोन साड्या टाकल्या. आत सहा बाय आठ फूट. त्यात फक्त आया आणि तान्ही बाळे. बाहेर आठ-नऊ कुटुंबे अजून दाटीत बसली, पण एकाही माणसाने तक्रार केली नाही. सांगलवाडीकडच्या एक लिंगायत आजी आडोशाच्या दाराशी बसून पहाऱ्यासारखा हिशेब ठेवत, आता हिची पाळी, आता तिची. त्या वर्गातच १२ ऑगस्टची बकरी ईद झाली. शिरखुर्म्याची ईद ती नव्हे, पण आजींनी कुठून तरी दूध मिळवून शेवया केल्या आणि आम्हाला ‘तुमचा सण’ म्हणून पहिला वाटा दिला. चुकीच्या सणाचा पदार्थ इतका गोड मी कधी खाल्ला नाही.

घरी परतलो तेव्हा मधल्या खोलीत कमरेच्या वरपर्यंत ओल आणि जमिनीवर चार बोटे चिखल होता. कॉटची गादी गेली, कपाटाचा तळ गेला, ट्रंकांतले कपडे कुजले, पिंपांतल्या ज्वारीला कोंब आले होते. सगळे बाहेर काढून खोली धुतली, ब्लीचिंग पावडर टाकली आणि आम्ही दारात उभे राहिलो. पूर्ण ९० चौरस फूट मोकळी. लग्न होऊन आल्यापासून ती खोली मी पहिल्यांदाच रिकामी पाहत होते. खूप मोठी होती.

तीन आठवडे भिंती वाळवण्यात गेले, मग एकेक वस्तू परत येऊ लागली आणि त्याचबरोबर ते जुने वाक्यही. या वेळी ‘बाढ का इलाका’ हे नवे कारण जोडलेले होते. मी काही बोलले नाही. कागदपत्रांच्या पिशवीतून आलेख कागद निघाला, कडा ओल्या झालेल्या, शाई थोडी पसरलेली. तो जावेने घेतला आणि भिंतीला चिकटवला. कपाट येण्याआधी तिने प्लास्टिकची खुर्ची आणून खिडकीसमोर ठेवली आणि सासूबाईंना म्हणाली, “अम्मी, ये पैले. बाकी का बाद में.” सासूबाई खुर्चीकडे पाहत राहिल्या. मग स्वतःच तीत बसून पाहिले, पाठ टेकली. “ठीक हाय,” म्हणाल्या.

ऑक्टोबरमध्ये मी शाळेत रुजू झाले. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असा कायदा २०१७ पासून आहे. आमच्या शाळेत पन्नास माणसे कुठून असणार? शिक्षक अकरा. म्हणून मी सकाळी त्या खुर्चीत बसून दूध काढून ठेवी, जाऊ वाटी-चमच्याने पाजी आणि मधल्या सुट्टीत मी सायकलने घरी येई. जावेच्या शिलाईचा वेळ त्यात जाई, त्याचे पैसे मी दर महिन्याला तिच्या हातावर ठेवत असे. पहिल्या महिन्यात ती घेईना. मग मी सांगितले की ही मशीनच्या जागेची भरपाई आहे, तेव्हा हसून घेतले.

नोव्हेंबरमध्ये मुलीची मान चांगली सावरली, क्रेट तोकडा पडू लागला आणि अखेर झोळी बांधायची परवानगी मिळाली. पण सांगलीच्या घराला तुळई नाही, स्लॅब आहे. स्लॅबला एकच आकडा आणि त्याला पंखा. पंखा काढावा तर उन्हाळ्यात इथे पारा चाळीसच्या वर जातो. गवंड्याने कॉटच्या पायथ्यावर, स्लॅबला भोक पाडून नवा आकडा पक्का केला. माझ्या पतींनी त्याला २५ किलोचे ज्वारीचे पोते रात्रभर टांगून ठेवले आणि स्वतः त्याच्याखाली न झोपता बाहेर झोपले. दादीने साताऱ्याहून लुगडे पाठवले. दोरी आखूड ठेवली म्हणून झोळी फार झुलत नसे आणि पडले तरी खाली गादी. एक नियम मी कडक पाळला, बाळ झोळीत नसेल तेव्हा झोळी आकड्यावरून काढायची. मोठी मुले तीत बसून गोल फिरतात, कापडाला पीळ बसतो आणि गळ्याला फास लागतो. अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. पुतणे फार रुसले.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या पुढे गेले आणि आम्ही पुन्हा निघालो. पण तेव्हा मुलगी चालत ट्रॉलीत चढली.

आता ती शाळेत जाते आणि खिडकीसमोरच्या खुर्चीवर तिने हक्क सांगितला आहे. क्रेटमध्ये कांदे असतात. जावेला मोटरची मशीन मिळाली. झोळी साताऱ्याला परत गेली, माझ्या भावाकडे मुलगा झाला म्हणून. आकडा तेवढा राहिला. दर वर्षी मृग लागला की सासूबाई त्याला एक जाड प्लास्टिकची पिशवी टांगायला लावतात. तीत रेशनकार्ड, आधारकार्डे, घराचे उतारे, माझे बी.एड.चे प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि कडा ओल्या झालेला तो आलेख कागद असतो. पिशवी दसऱ्यापर्यंत पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू हलत राहते.